भिंतीवरचे पंख

“उन्हात पिकलं, दवात न्हालं, कापाल तिथं लाल गं बायांनो, कापाल तिथं लाल…”

बापाचा आवाज असा आधी यायचा. मग घोडीच्या गळ्यातल्या घुंगरांचा, मग चाकांचा, आणि सगळ्यांच्या मागून गल्लीच्या तोंडाशी खुद्द बाप, हॉरेस, कलिंगडांच्या ढिगापुढे वऱ्हाड घेऊन आल्यासारखा बसलेला. शेवटचा ‘लाल’ तो इतका ताणायचा की गाडी वळणाआड गेली तरी तो गल्लीत रेंगाळत राही, दोरीवरच्या ओल्या कपड्यांत शिरे, खिडक्यांच्या जाळ्यांना चिकटून बसे. अर्नेटा तेव्हा एवढीशी होती. आईबरोबर दारापुढच्या पांढऱ्या दगडी पायऱ्या घासून झाल्या की ओल्या पायरीवर फ्रॉक सावरून बसायची, आणि तिला वाटायचं, आवाज ही घरातलीच एक वस्तू आहे, चुलीपाशी टांगलेल्या तव्यासारखी. कुणी उचलून नेईल अशी भीतीच नाही. बाप गेला तेव्हा गाडी तिच्या धाकट्या भावाकडे, लेमकडे, आली. जुन्या घोडीची मुलगी डचेस आली, तबेल्यातली तिची जागा आली, आणि आवाजही जसाच्या तसा आला. पहिल्या दिवशी लेमनं गल्लीत हाळी दिली तेव्हा समोरच्या ओपलमावशीनं दार उघडून हात जोडले होते आणि म्हणाली होती, “मेल्या, मला वाटलं हॉरेस परत आला.”

तो आवाज आज बसमध्ये तिच्या कानात वाजला. हॉटेलातल्या चादरींच्या घड्या घालून बोटं सोलवटली होती, हातांना खळीचा आणि क्लोरीनचा वास होता, आणि बस तिच्या गल्लीच्या कोपऱ्यावर वळताना तिला समोरच्या भिंतीवर पंख दिसले. गेले काही दिवस ती भिंत रंगत होती. कोपऱ्यावरच्या घराची ही उघडी भिंत तिच्या दारासमोरच येते. आधी निळं आभाळ आलं, मग लेमचा चेहरा, तोंड उघडलेला, हाळी देतानाचा. चेहरा बरा उतरला होता. ती सकाळी कामावर जाताना मान खाली घालून जायची, येताना एकदा बघायची. आज मात्र लेमच्या खांद्यांमधून दोन पांढरे पंख निघाले होते, हॉटेलातल्या चादरींसारखे स्वच्छ, इस्त्री केलेले, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. खाली मोठ्या अक्षरांत त्याचे शब्द होते: माझा आवाज तुम्हाला दाबता येणार नाही. आणि घोडीलाही पंख होते. ती उतरली ती थेट शिडीपाशी गेली. शिडीवर सिमोन नावाची पोरगी होती, शहराच्या पलीकडच्या अंगाची, कॉलेजात शिकलेली, केसांना रंगीत रुमाल बांधलेली. आपल्या वस्तीत गोळी लागून गेलेल्या मुलांची चित्रं भिंतीभिंतींवर असतात आणि त्या सगळ्यांना पंख असतात; तसलीच चार-दोन हिनं काढलेली होती.

“ए पोरी, हे काय काढलंयस?”

“पंख,” ती वरूनच हसली. “आवडले ना, मावशी?”

“तो मेलेला नाहीये.”

पोरीच्या हातातला ब्रश थांबला. पांढऱ्या रंगाचा एक ओघळ लेमच्या कानामागून खाली निघाला. मग ती एकेक पायरी उतरत खाली आली, ओठ चावत, आणि म्हणाली की तिला तसं कुणी सांगितलं नव्हतं, सगळे तर म्हणत होते की… आणि मग धीर गोळा करून म्हणाली, “पण पंख म्हणजे मेलेलाच असं नसतं ना. पंख म्हणजे मुक्ती.”

“मुक्ती? मग तुझ्या आईच्या फोटोला काढून दे. घोडीला कसली मुक्ती गं? ती तबेल्यात चारा खातेय.”

पोरीचे डोळे भरून आले तशी अर्नेटाला तिचा आणखीच राग आला. हल्ली तिला रडणाऱ्यांचा राग येई. रडून झाल्यावर ती माणसं हलकी होऊन आपापल्या घरी जात, आणि ओलावा मात्र हिच्या उंबऱ्यात राही. तिनं रस्ता ओलांडला, आपल्या तीन पायऱ्या चढून दार उघडलं. समोरच्या खिडकीचा पडदा दोन बोटं सरकवलेला होता आणि त्यामागे खुर्चीत लेम बसला होता. म्हणजे तो रोज इथं बसून बघत होता तर. आधी आपलं कपाळ रंगताना, मग ओठ, मग गळा, अगदी धडधाकट गळा, आणि आज दिवसभर आपले पंख. तिनं पडदा ओढून घेतला. त्यानं तिच्याकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात काही होतं की नव्हतं हे तिला कळेना.

तिनं मक्याची पेज ढवळली, त्यात लोणी टाकलं, त्याच्यापुढे वाडगा ठेवला. अजून घट्ट काही त्याच्या घशाखाली उतरत नाही. गळ्यावरची ती आडवी खूण आता काळपट पडली आहे, पण घास उतरताना ती हलते, एखादं झोपलेलं जनावर कूस बदलतं तशी. डॉक्टरीण मागच्या खेपेला म्हणाली होती की आतलं भरून आलंय, आवाज यायला हरकत नाही, पूर्वीसारखा येणार नाही, घोगरा येईल, पण येईल. बोलायचं त्यानंच ठरवायचं आहे. तो ठरवत नव्हता. पेज संपवून वाडगा पुढे सरकवायचा, बोटानं टेबलावर एकदा टकटक करायचा, म्हणजे झालं. ती त्याच्याशी बोले, हॉटेलातल्या गमती सांगे, रागावे, एकदा तर वाडगाच आपटला होता, की बोल ना रे, एक शिवी तरी दे. तो नुसता बघत राहिला. आणि मग न्हाणीघरात जाऊन तोंडावर पाणी मारताना तिच्या ध्यानात आलं होतं की तो बोलला नाही तेव्हा आपल्या छातीतून सुटकेचा श्वास गेला. त्यानं बोलावं म्हणून ती देवाला साकडं घालत होती, आणि तो पहिलं काय बोलेल याची तिला मरणाची धास्ती होती.

कारण त्या दिवशी तो तिच्याकडे बघून काहीतरी म्हणाला होता.

मागल्या उन्हाळ्यात, डांबर पायाला चिकटावं अशा उकाड्याची दुपार. गाडी गल्लीत आली की डचेस दर वेळी अर्नेटाच्या पायऱ्यांपाशी थांबते. बापाच्या वेळेपासूनची ही रीत. तिची आई थांबायची, मग ही थांबायला लागली. घरातून बादली येते, घोडी पाणी पिते, मान झटकते, मग पुढे जाते. पाणी प्याल्याशिवाय तिला चाबूक दाखवा, गाजर दाखवा, ती खूर उचलत नाही. गल्लीतल्या सगळ्यांना हे ठाऊक होतं. पोलिसांची गाडी मागून आली, तिला जायला जागा नव्हती, भोंगा वाजला. दोघे उतरले. गाडी हलव म्हणाले. लेम हसून म्हणाला असणार की साहेब, दोन मिनिटं, ही बाई पाण्याशिवाय हलायची नाही. तो सगळ्यांशी हसूनच बोलायचा. एकानं लगाम धरून ओढला. घोडी बिथरली, पुढचे पाय उचलले, कलिंगडं घरंगळली, आणि लेमनं लगामाला हात घातला. एवढंच. घोडीला सावरायला. मग तो रस्त्यावर पालथा होता, एकाचा गुडघा पाठीवर, दुसऱ्यानं काठी गळ्याखालून घालून दोन्ही हातांनी मागे ओढलेली, आणि फुटलेल्या कलिंगडांचं पाणी डांबरावरून त्याच्या गालाखाली येत होतं. ते बघून नंतर कुणीतरी ते रक्त आहे असं टीव्हीवर सांगितलं. रक्तही होतं. वेगळं करता येत नव्हतं.

अर्नेटा दारात होती. हातात भरलेली बादली. पायऱ्या सकाळीच घासलेल्या, पांढऱ्याशुभ्र. लेमची मान तिच्या बाजूला वळलेली होती आणि काठी ओढली गेली त्याच्या आधी त्याचे ओठ हलले, डोळे तिच्यावर रोखलेले, पाच-सहा शब्दांइतके ओठ हलले. गल्लीत एवढा आरडाओरडा होता, बाया किंचाळत होत्या, पोरं फोन उंच धरून शिव्या देत होती, की तिला काही ऐकू आलं नाही. तिनं बादली खाली ठेवली नाही. पायरी उतरली नाही. ती उतरली असती तर तिलाही आडवी केली असती, हे नंतर तिला शेकडो जणांनी सांगितलं, वकिलानं सांगितलं, पास्टरनं सांगितलं, आणि ते खरंही होतं, आणि त्या खऱ्याचा तिला काडीचा उपयोग नव्हता. तिचे पाय तिथं राहिले. बादलीची कडी हातात रुतली, पाणी काठोकाठ, एक थेंब सांडला नाही. ते न सांडलेलं पाणी तिला आजही झोपेत दिसतं. त्यानं ‘ये’ म्हटलं असेल. ‘नेटा, ये’ म्हटलं असेल. दुसरं काय म्हणेल बहिणीला माणूस.

दवाखान्याच्या बोळात मग एका मुलीनं तिच्या तोंडापुढे फोन धरून विचारलं होतं की शेवटी तो असं म्हणाला ना, माझा आवाज तुम्हाला दाबता येणार नाही? अर्नेटाची मान हलली. त्या वेळी कुणी विचारलं असतं की आज गुरुवार ना, तरी ती हललीच असती. संध्याकाळपर्यंत ते वाक्य टीशर्टांवर छापून आलं. मोर्चात आलं. आवाज आमचा दाबाल किती, असं गात हजारो माणसं नदीवरच्या पुलावरून गेली, त्यांत गोरी पोरंही होती, घामाघूम, हातांत हात घातलेली, आणि अर्नेटा पहिल्या रांगेत, कुणीतरी तिच्या अंगात तिच्या भावाचा चेहरा छापलेला टीशर्ट चढवलेला. चालताना तो चेहरा तिच्या पोटावर हलत होता. दुसरीकडे टपालानं पत्रं यायची, सही नसलेली, की हुकूम मानला असता तर आजही कलिंगडं विकत फिरला असता, की घोड्याचे लाड करणाऱ्यांनी तबेल्यातच राहावं. रेडिओवर एक माणूस म्हणाला की तो घोडा म्हणजे शस्त्रच होतं. मग चौकशी झाली. मग पुरावा पुरेसा नाही असं ठरलं. ते दोघे कामावर परत गेले. मोर्चे हळूहळू विरळ झाले, टीशर्ट धुवून धुवून चेहरा फिकट झाला, आणि लांबच्या वस्त्यांत लोक धरून चालले की तो माणूस मेलाच. नाहीतर एवढा गोंधळ कशाला झाला असता? बसमध्ये एका अनोळखी बाईनं तिचा हात धरला होता, “देवानं त्याला जवळ केलं, बाई.” अर्नेटानं हात सोडवून घेतला आणि म्हणाली, “देवानं नाही. तो घरी पेज खातोय.” ती बाई अशी काही दुखावली, जणू हिनं तिच्याकडून काही हिसकावून घेतलं.

भिंतीच्या उद्‌घाटनाचं पास्टर टिल्मननी मनावर घेतलं होतं. रविवारी दुपारी, प्रार्थनेनंतर. मोठे अधिकारी येणार होते, पोलिसांतलाही एक वरचा माणूस दोन शब्द बोलणार होता. पास्टर आदल्या दिवशी येऊन तिच्या स्वयंपाकघरात बसले, बशीतला रताळ्याचा केक संपवला, आणि म्हणाले की लोक तुझ्याकडे डोळे लावून बसलेत, काहीतरी मायेचं बोल. क्षमेचं बोल. आपली माणसं क्षमा करतात तेव्हा जग थबकतं.

“थबकतं,” अर्नेटा म्हणाली. “आणि मग?”

“मग काय बेटा?”

“मग पुढे जातं की नाही?”

पास्टर भले होते. बापाला त्यांनीच मातीआड केलं होतं. त्यांनी टोपी उचलली, दाराशी गेले, खिडकीजवळच्या खुर्चीकडे पाहिलं आणि मोठ्यानं, बहिऱ्याशी बोलावं तसं म्हणाले, “देव भलं करो, लेम.” लोक त्याच्याशी असंच बोलत. बोलता येत नाही म्हणजे ऐकूही येत नसणार, की समजतही नसणार. शेवटी येणंच बंद झालं. ओपलमावशी तेवढी कधी मऊ पाव घेऊन यायची आणि जाताना खालच्या आवाजात म्हणायची, “सांभाळ गं बाई. तुझ्या घरात इतिहास बसलाय.” घरात इतिहास बसलाय आणि त्याचे मोजे मी धुते, असं अर्नेटाच्या जिभेवर यायचं, पण मावशीच्या वयाकडे बघून ती गिळायची.

रविवारी ऊन तसंच होतं, मागल्या सालचं उचलून आणून ठेवल्यासारखं. गल्ली माणसांनी गच्च. भिंतीपाशी फळ्या टाकून मंच केला होता, कर्णे लावले होते, तळलेल्या माशाचा वास, पोरांच्या हातांत रंगीत बर्फ. चुलतभाऊ रूफस आता गाडी चालवतो. त्याला सांगितलं होतं की मिरवणुकीनं यायचं आणि घोडी मंचापाशी उभी करायची. डचेसला सजवली होती, कपाळावर तांबडा तुरा, नवी घुंगरं. अर्नेटा मंचावर उभी होती, हातात माइक, पाठीवर पास्टरांचा तळवा. समोर रस्त्यापलीकडे तिचं स्वतःचं दार होतं. असं तिनं ते कधी पाहिलं नव्हतं, परक्यासारखं, पलीकडून. पायऱ्या आज घासलेल्या नव्हत्या. पडदा दोन बोटं सरकलेला. घुंगरं वाजली, गर्दी दुभंगली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि घोडी मंचाकडे यायची ती मध्येच थांबली. अर्नेटाच्या पायऱ्यांपाशी. मान खाली, वाट बघत.

रूफसनं जीभ टाळ्याला लावून आवाज केला. लगाम झटकला. लोक हसले. मागे त्या वरच्या अधिकाऱ्याची गाडी अडकली होती. बंदोबस्ताचा एक पोलीस पुढे आला, त्या दोघांतला कुणी नव्हे, अगदी कोवळा, कानांच्या पाळ्या उन्हानं लाल झालेला.

“घोडी हलव.”

“साहेब, ती इथं थांबतेच,” रूफस म्हणाला. “दोन मिनिटं.”

“मी काय सांगतोय? हलव म्हणतोय ना.”

त्यानं लगामाला हात घातला. आणि गल्लीतले सगळे फोन एकदम वर झाले, एखाद्या शेतातली कणसं वाऱ्यानं एका दिशेला वळावीत तसे, एकही हात मोकळा राहिला नाही. पास्टरांचा तळवा तिच्या पाठीवर घट्ट झाला. थांब, असं तो तळवा म्हणत होता. अर्नेटाच्या अंगावर भिंतीची उष्णता येत होती, रंगाचा वास येत होता, डोक्यावर कुठंतरी ते पांढरे पंख पसरलेले. तिला बादलीची कडी हातात रुतल्यासारखी वाटली; तो माइक होता. फळ्यांवरून ती खाली कशी उतरली ते तिला नंतर कधीच आठवलं नाही. वायर मागून सरपटत होती, लोक बाजूला होत होते, कुणीतरी म्हणालं, “बहीण, बहीण.” ती जाऊन घोडी आणि त्या पोराच्या मध्ये उभी राहिली. घोडीचा गरम श्वास मानेवर येत होता.

“बाई, बाजूला व्हा,” पोलीस म्हणाला. त्याचा दुसरा हात कमरेशी गेला होता.

“नाही होत,” ती म्हणाली, आणि ते कर्ण्यांतून सगळ्या गल्लीत गेलं.

तेव्हा तिच्या मागचं दार उघडलं. लेम पायऱ्या उतरत होता, अनवाणी, घरातल्या बनियनवर, भिंतीवरच्या माणसाच्या निम्माही नसलेला, दाढी पिकलेली. फोन धरून उभ्या असलेल्या एकानं त्याला कोपरानं ढोसलं, “ओ काका, सरका ना, मध्ये येताय.” ओपलमावशी तिच्या दारातून काहीतरी ओरडली आणि मग हळूहळू, जवळच्यांपासून लांबच्यांपर्यंत, गल्ली गप्प होत गेली. लोक त्याच्याकडे बघत, मग भिंतीकडे बघत, मग परत त्याच्याकडे. काहींच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. फसवणूक झाल्यासारखे ते त्याला बघत होते. लेमनं घोडीच्या मानेवर हात ठेवला. पोलिसाची बोटं अजून लगामावर होती. दोघांच्या हातांत वीतभर अंतर. अर्नेटाला कळत होतं की पुढच्या श्वासात काहीही होऊ शकेल, आणि विचारायचं असेल तर याच श्वासात, नाहीतर कधीच नाही. ती पोलिसाकडे पाठ करून भावाकडे वळली. माइक हातात आहे हे ती विसरली होती.

“लेम,” ती म्हणाली. “त्या दिवशी माझ्याकडे बघून काय म्हणालास रे?”

त्याचा गळा हलला. ती काळी खूण वर चढली, खाली उतरली. भिंतीवर त्याचं तोंड उघडं होतं आणि इथं मिटलेलं, आणि खालची ती मोठी अक्षरं उन्हात चमकत होती. मग गंजलेल्या बिजागरीसारखा, बापाचा नसलेला, कुणाचाच नसलेला एक आवाज कर्ण्यांतून बाहेर आला.

“बादली आण, नेटा. घोडीला पाणी पाज.” त्यानं श्वास घेतला. “एवढंच म्हणालो होतो.”